परत आलेलं विमान

ॲल्युमिनियमला गंज लागत नाही, असं भिलाईत बहुतेकांना वाटतं. त्यांची चूक नाही. आमच्याकडे गंज म्हणजे लाल. छपरावर लाल, खिडकीच्या गजावर लाल, वारा पोलादाच्या प्लांटकडून आला तर दोरीवरच्या बनियनवरही लाल. ॲल्युमिनियमचा गंज पांढरा असतो, तांदळाच्या पिठासारखा. आधी रंगाखाली बारीक पुरळ उठतं, मग ते फुटतं, बोट लावलं की बोटाला पीठ लागतं, आणि तेव्हा समजायचं की आतला पत्रा केव्हाच कागद झाला आहे. हे मी साहेबांना सांगितलं, ठेकेदारांना सांगितलं, रंगाऱ्यांना सांगितलं. आता इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची मंडळी म्हणाली, "काका, तुमच्या नोकरीचं काहीतरी लिहून द्या." म्हटलं, वाचकांनाही सांगून टाकावं. तसा आता त्याचा उपयोग काही नाही.

मी रामकृष्ण कापगते, राहणार खुर्सीपार. गाव भंडारा जिल्ह्यातलं, घर धानाच्या शेतीवरचं. तरुणपण हवाई दलात गेलं, नंतर इथल्या प्लांटच्या मशीन शॉपमध्ये लागलो आणि तिथूनच रिटायर झालो. प्लांटच्या नोकरीबद्दल सांगायला भिलाईत प्रत्येक घरात एक माणूस बसलेला आहे. म्हणून मी फक्त एका विमानाबद्दल लिहितो.

हवाई दलात मी एअरफ्रेम फिटर होतो. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर विमानाचं इंजिन एका फिटरचं, वायरिंग दुसऱ्याचं, तोफा तिसऱ्याच्या आणि उरलेलं सगळं आमचं. कातडी, हाडं, चाकं, ब्रेक, तेलाच्या नळ्या, आणि वैमानिकाच्या हातातल्या दांड्यापासून थेट शेपटापर्यंत जाणारी जोडणी. विमान नीट उडालं की नाव वैमानिकाचं, नाही उडालं की आमचं.

एकाहत्तरची लढाई होऊन काही वर्षं झाली होती. माझी पोस्टिंग पूर्वेकडच्या एका तळावर होती आणि आमच्याकडे नॅट विमानं होती. इंग्रजीत नॅट म्हणजे चिलट. लढाऊ विमान म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे जे अवाढव्य धूड येतं, तसं ते नव्हतंच. इतकं बुटकं की जमिनीवर उभं राहून बहुतेक कामं व्हायची, शिडी लागत नसे. पंख एकसंध, वरून ठेवलेला, मोजक्या जाड बोल्टांनी अंगाशी धरलेला. आत एकच माणूस, तोही जरा आखडूनच बसायचा. वैमानिक तिला 'ही' म्हणायचे, आम्हीही म्हणायला लागलो.

आमच्याकडे अरविंद सर म्हणून एक फ्लाइंग ऑफिसर होते. नागपूरचे. त्या दूरच्या तळावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच. अफसर आणि एअरमन यांच्यात अंतर असतं, ते त्यांनीही पाळलं आणि मीही. पण उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारताना ते शेपटापाशी थांबायचे आणि मराठीत विचारायचे, "काय कापगते, आज हिचं शेपूट खुशीत आहे ना?"

हा प्रश्न गमतीचा नव्हता. नॅटचं शेपूट हा आम्हा फिटरांच्या डोक्याचा ताप होता. शेपटाचा आडवा पंख वर-खाली हलतो आणि त्यावर विमानाचं नाक वर जाणार की खाली हे ठरतं. तो हलतो तेलाच्या दाबावर. दाब गेला तर वैमानिकाला ते काम मनगटाच्या जोरावर करावं लागतं. वेगात असलेल्या विमानाचं शेपूट मनगटानं सांभाळायचं म्हणजे उधळलेल्या बैलाला शेपटी धरून थांबवायचं.

एका सकाळी अरविंद सरांचा दाब गेला. आम्ही हँगरसमोर उभे होतो. विमान धावपट्टीच्या टोकाशी दिसलं, नाक एकदा वर, एकदा खाली, असं हेलकावत येत होतं. खुर्चीसकट बाहेर उडी मारायची त्यांना मोकळीक होती. कोणी काही म्हणालं नसतं. त्यांनी उडी मारली नाही. चाकं टेकली, उसळली, पुन्हा टेकली, आणि विमान पट्टीच्या शेवटी मातीत जाऊन थांबलं. मी धावत पोचलो, वरची काच उघडली. सर आत बसलेले, दोन्ही हात दांड्यावर. मी पट्टे सोडले तरी हात सुटेनात. एकेक बोट मलाच सोडवावं लागलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या बसणार. ते म्हणाले, "हिला काही बोलू नका रे. हिनंच आणलं मला."

ते विमान आम्ही दुरुस्त केलं, ते पुढेही काही वर्षं उडालं. अरविंद सरांची मात्र दुसऱ्या तळावर बदली झाली आणि काही महिन्यांनी तिथे एका दुसऱ्या नॅटमध्ये ते गेले. बातमी हँगरमध्ये चहाच्या वेळेला आली. कप हातात होता, तो मी तसाच खाली ठेवला. बाकी फिटरांनी विचारलं, शेपूट का? सांगणाऱ्याला माहीत नव्हतं.

हे सगळं मी भिलाईत येऊन विसरलो होतो असं नाही, पण त्याच्यावर थर चढले होते. लग्न, पोरं, शिफ्ट, क्वार्टर. छत्तीसगड वेगळं झालं, त्यानंतरची गोष्ट. एक दिवस शॉपमध्ये कुणीतरी म्हणालं, टाउनशिपच्या बागेत लढाऊ विमान आणून ठेवलंय. हवाई दल जुनी झालेली विमानं शहरांना शोभेसाठी देतं, त्यातलं एक आमच्या वाट्याला आलं होतं. शिफ्ट संपल्यावर सायकल घेऊन गेलो. ट्रेलरवरच होतं अजून. नॅट! एवढीशी. बाजूला गर्दी आणि गर्दीतला एक जण नाराज होऊन म्हणत होता, "बस, इतना सा?"

विमानावरचा नंबर रंगानं झाकला होता, पण चाकाच्या खाचेत एक पाटी असते, तिच्यावर ठोकलेला नंबर कोणी झाकत नाही. मी वाकून आत टॉर्च मारला. आमच्या तळावरचंच होतं. आणि नुसतं आमच्या तळावरचं नाही, त्या सकाळचं होतं.

त्या दिवशी घरी येऊन बायकोला, शकुनला, सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मंग आता तुमी त्याच्यातच जीव लावान." तिचं खरं झालं.

विमान बागेत लोखंडी खांबावर चढवलं, नाक आकाशाकडे करून. दिसायला छान दिसायचं. पण लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून ओले राहिले की ॲल्युमिनियम मरतं. लोखंडाला काही होत नाही, ते दुसऱ्याला खाऊन जगतं. मध्ये रबर घालायला हवं होतं. दुसरं म्हणजे विमानाच्या पोटाला खालून बारीक भोकं असतात, आत शिरलेलं पाणी त्यातून गळून जावं म्हणून. नाक वर केल्यावर पाणी शेपटाकडे साठतं, तिथली भोकं तरी उघडी राहायला हवीत. मी टाउनशिपच्या बागा बघणाऱ्या साहेबांकडे गेलो. देशकर साहेब, नागपूरचेच, बोलायला सज्जन. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "तुम्हीच बघा ना कापगते, आठवड्याच्या सुट्टीला. मी परवानगी देतो." त्यांच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं आणि ते त्यांनी दिलं.

माझ्या मदतीला खिलावन यायचा. खिलावन साहू, क्रेनला माल बांधणारा रिगर, अर्जुंद्याकडचा माणूस. त्याला विमानाचं काही कळत नव्हतं, पण दोर आणि वजन कळायचं. मी शिडीवरून पोटाची भोकं मोकळी करायचो, पंखावर बसून चिखल काढायचो, पुरळ उठलेली जागा घासून त्यावर प्रायमर लावायचो. तो खाली दोर धरून उभा. उन्हाळ्यात पत्र्यावर हात ठेववत नसे. तो खालून म्हणायचा, "भैया, ये बिचारा ला घाम लगत हे, एक ठन छाता लगवा देतेव." ऊन लागतंय बिचाऱ्याला, छत्री तरी लावून द्या. त्याच्या तोंडून विमानाबद्दल 'बिचारा' ऐकलं की मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

रबर शेवटपर्यंत बसलं नाही. त्यासाठी विमान क्रेननं उचलावं लागलं असतं, आणि क्रेन नेहमी दुसरीकडे असायची.

दरवर्षी राष्ट्रीय सणाच्या आधी रंगारी यायचे. झाडांचे बुंधे, कुंपण, पुतळा आणि विमान, सगळ्यांना एकाच आठवड्यात रंग. घासणं वगैरे काही नाही. पांढऱ्या पुरळावरूनच चकचकीत तेलरंगाचा थर. भोकं दिसली की त्यांना ती खराबी वाटायची, ती ते लांबी भरून बुजवून टाकायचे. मी पुढच्या सुट्टीला जाऊन पुन्हा उघडायचो. रंगाऱ्यांच्या मुकादमाला हात जोडले एकदा. तो म्हणाला, "चाचा, आप बोलते हैं छेद रखो, साहब बोलते हैं छेद दिखना नहीं चाहिए. हम किसकी सुनें?" देशकर साहेबांची तोवर बदली झाली होती, नवीन आलेल्या साहेबांनी ऐकून घेतलं, त्यांचीही बदली झाली. वाईट माणूस त्यात एकही नव्हता, हे मी मुद्दाम लिहितो.

लोक यायचे ते तऱ्हेतऱ्हेचे. लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी. खांबाला राखी बांधून जाणारी एक बाई, तिचा मुलगा फौजेत होता. नंदिनी नगरहून खाणीतला एक म्हातारा यायचा, तो दरवेळी विचारायचा, "येमा इंजन हे?" मी सांगायचो, नाही बाबा, इंजिन काढून घेतात, तोफाही काढतात. "तब ये काय काम के?" असं म्हणून तो निघून जायचा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा यायचा. बहुधा आता बसवलं असेल असं त्याला वाटत असावं.

आणि एक दिवस नलूताई आल्या.

मी पंखावर होतो. खाली पांढरी साडी नेसलेली एक म्हातारी बाई उन्हात छत्री मिटवून उभी होती. छत्री उघडी ठेवायची सोडून मिटवून उभी, म्हणून लक्षात राहिलं. खिलावननं मला हाक मारली. खाली उतरलो. त्या म्हणाल्या, "तुम्ही याची देखभाल करता? माझा भाऊ हे चालवायचा. हेच नाही, या जातीचं."

भावाचं नाव विचारलं. अरविंद.

बागेत बाकं होती, एकावर जाऊन बसलो. नलूताई अरविंद सरांच्या थोरल्या बहीण. लग्न करून दुर्गला आलेल्या, इथे शाळेत शिकवलं, आता रिटायर होऊन बोरसीत एकट्या राहात होत्या. यजमान गेलेले, मुलगी परदेशात. मी त्यांच्या भावाला ओळखत होतो हे कळल्यावर त्यांनी माझा हातच धरला. आणि मी त्यांना सगळं सांगितलं. दाब गेला ते, हेलकावत येणारं विमान, दांड्यावरची बोटं आणि ते वाक्य. शेवटी म्हणालो, "ताई, ते विमान हेच. हेच त्यांना परत घेऊन आलं होतं."

त्या उठल्या, खांबाजवळ गेल्या. हात वर केला. शेपटाच्या टोकाला कसाबसा पोचला. बराच वेळ तसाच ठेवला.

त्यानंतर त्या येत राहिल्या. मुलांच्या परीक्षा घेणाऱ्या बाईसारख्या नेमानं. आधी रिक्षानं, नंतर गुडघे धरल्यावर शेजारच्याच्या गाडीनं. प्रत्येक वेळी बाकावर बसून म्हणायच्या, "कापगते भाऊ, सांगा ना ती सकाळ." मी सांगायचो. एखादा तपशील विसरलो तर त्या आठवण करून द्यायच्या. असं करत करत ती सकाळ माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त पाठ झाली. मलाही बरं वाटायचं. एवढी वर्षं मशीन शॉपमध्ये कोणाला सांगावं असं वाटलं नव्हतं.

विमान छपराखाली जायला हवं, हे त्यांनीच मनावर घेतलं. मी रिटायर झालो होतो, माझं ऐकायचं कारण कोणाला उरलं नव्हतं. पण नलूताईंच्या हाताखालून गेलेली मुलं कुठे कुठे पोचली होती. त्या एकेकाकडे गेल्या. आणि खरंच, टाउनशिपमधली एक बंद पडलेली शाळा होती, तिच्या मोठ्या हॉलमध्ये संग्रहालय करायचं ठरलं. विमान मधोमध, भोवती भिंतींवर फोटो. एक तरुण इंजिनिअर साहेब नेमले होते, त्यांनी मला घरून बोलावून घेतलं. नकाशा दाखवला. हॉलचं दार एका अंगानं तोडून मोठं करता येत होतं, पण पंखासकट विमान आत जाणार नव्हतं.

मी म्हणालो, पंख उतरवता येतो. बोल्ट काढायचे, क्रेननं सरळ वर उचलायचा, आत नेऊन पुन्हा बसवायचा. पण इतक्या वर्षांचे बोल्ट आहेत, जाम झाले असणार. त्यांना तेल पाजावं लागेल. घाई करून चालणार नाही.

"किती दिवस?"

"तेल मुरेल तितके, साहेब."

ते हसले आणि हो म्हणाले.

त्या पावसाळ्यानंतरचे ते आठवडे माझ्या रिटायरमेंटमधले सगळ्यात चांगले. रोज सकाळी मी आणि खिलावन जायचो. तोही रिटायर झालेला. पिचकारीनं बोल्टांच्या बुडाशी तेल सोडायचं, लाकडी हातोड्यानं हलके ठोकायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. शकुन म्हणायची, "घरचा नळ गळून राहिला तो दिसत नाही तुमाले, अन् त्या इमानाले तेल पाजून राहिले." तरी डबा द्यायची. एक बोल्ट सुटला. त्या दिवशी खिलावननं बागेत सगळ्यांना पेढे वाटले, माळ्यालासुद्धा. नलूताईंना फोन केला, तर त्या लहान मुलीसारख्या हसल्या. "हॉलमध्ये खुर्ची ठेवतील ना हो बसायला?" म्हणाल्या.

मग संग्रहालयाच्या उद्घाटनाला येणाऱ्या मोठ्या पाहुण्यांची तारीख बदलली. अलीकडे आली. मला कोणी सांगितलं नाही. सांगायला हवं असं कोणाच्या डोक्यातही आलं नसेल.

सकाळी मी निघायच्या तयारीत होतो आणि खिलावनचा फोन आला. "भैया, जल्दी आव. डेना ला काटत हें." डेना म्हणजे पंख. स्कूटी काढली, खुर्सीपारचं फाटक बंद होतं, मालगाडी जात होती, डबे संपता संपेनात. पोचलो तेव्हा उजवीकडचा पंख अर्धा लोंबत होता.

ठेकेदाराच्या माणसांनी आधी गॅस कटर लावला होता. भिलाईत सगळं गॅसनंच कापतात, हातातच बसलंय ते. पण लोखंड गॅसनं कापलं जातं, ॲल्युमिनियम वितळतं. पंखाच्या मुळाशी वितळलेल्या धातूचे गोळे लोंबत होते. मग त्यांनी ग्राइंडर आणला. मी ओरडलो. ग्राइंडरवाल्यानं मशीन बंद केलं, चष्मा वर केला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "अंकल, बोल्ट नहीं खुल रहे थे. आज जगह खाली करनी है."

इंजिनिअर साहेब बाजूला उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता. "वरून आलंय कापगतेजी," एवढंच म्हणाले.

मी त्यांना काही बोलणार होतो. पण माझं लक्ष कापलेल्या जागेकडे गेलं. पंखाच्या आत एक जाड आडवं हाड असतं, त्याच्यावर सगळा भार. ते हाड मी कधी पाहिलं नव्हतं, बाहेरून दिसत नाही. बाहेरून मी पत्रा ठोकून बघायचो, आवाज ठीक यायचा, समाधान मानायचो. आता ते उघडं पडलं होतं. हाड नव्हतंच तिथे. पांढऱ्या पिठाचे थर, पापुद्रे, त्यात साळुंक्यांच्या घरट्याचं गवत, काळा चिखल, आणि अजूनही ठिबकणारं पाणी. मी हात घातला. मूठभर हाताशी आलं आणि बोटांतून सांडलं.

साहेब जवळ आले. हळूच विचारलं, "हे असंच उभं असतं तर किती टिकलं असतं?"

"एखाद्या मोठ्या वादळापर्यंत."

"आणि तुम्ही बोल्ट काढून पंख उचलला असता तर?"

मी विचार केला. "क्रेनच्या दोरीवरच मोडला असता."

म्हणजे आम्ही ते आठवडे कोणाला तेल पाजत होतो? बाहेरून विमान होतं. आतलं ते कधी गेलं, कुठल्या पावसात, कुठल्या रंगाच्या थराखाली, हे मला आजही सांगता येणार नाही. एअरफ्रेम फिटर म्हणून मी जन्मभर जो अभिमान बाळगला तो त्या दिवशी माझ्या मुठीत होता आणि सांडत होता.

डावा पंखही कापला. शेपूट वेगळं केलं. तुकडे ट्रकवर चढवायला दोर बांधायचे होते, तेव्हा खिलावन पुढे झाला. मला धक्का बसला. मी त्याला विचारलं, तू कशाला? तो गाठ मारता मारता म्हणाला, "मैं नइ बाँधतेंव त कोनो अउ बाँधतिस भैया, अउ पटक देतिस." आपण नाही बांधलं तर दुसरा कोणी बांधेल आणि आपटेल. त्यानं प्रत्येक तुकड्याखाली पोतं घातलं. ट्रक निघाला तेव्हा त्यानं डोक्याचा गमछा सोडून हातात घेतला. माझ्याच्यानं काहीच झालं नाही.

त्या हॉलचं पुढे काय झालं ते आधी सांगून टाकतो. तुकडे पुन्हा जोडण्यासारखे नव्हते, ते भंगाराच्या लिलावात गेले. हॉलमध्ये फायबरचं विमान टांगलं आहे. रंग निळा दिला आहे, आमचं कधी तसं नव्हतं. दिसायला सुबक आहे, मुलांना आवडतं. खाली पाटी आहे, तिच्यावर नॅटचा पराक्रम लिहिला आहे, तो खराही आहे. उद्घाटनाला मला बोलावून शाल आणि नारळ दिला. इंजिनिअर साहेबांनीच आग्रह धरला होता असं कळलं. मी शाल घेतली. फोटोवाला घाई करत होता.

पण त्याआधी, ट्रक गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी बोरसीला गेलो. पेपरात वाचण्याआधी नलूताईंना माझ्याकडून कळावं असं मला वाटलं.

त्या अंगणात पेरूच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. मला पाहून खूश झाल्या. "बसलं का हो हॉलमध्ये?"

"नाही, ताई. कापलं."

त्यांना आधी कळलं नाही. मी सांगत गेलो. पंख, ग्राइंडर, आतलं पीठ. त्या ऐकत होत्या. मधेच उठून आत गेल्या, चहा केला, दोन कप आणून ओट्यावर ठेवले आणि पुन्हा बसल्या. मी पुढचं सांगितलं.

"शेपूट?" त्यांनी विचारलं.

"तेही गेलं. लिलाव होईल, मग भट्टीत."

"आपल्या प्लांटच्या?"

"नाही. ॲल्युमिनियमची भट्टी वेगळी असते. कुठेतरी बाहेर."

शेजारच्या घरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मग त्या माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. "तो गेला तेव्हा घरी पेटी आली होती. बंद. उघडू नका म्हणाले. आई नुसती पेटीवर हात ठेवून बसली दिवसभर. आईनं मग हळूहळू सोडलं त्याला. मीही सोडलं. संसार केला, शाळेत शिकवलं. त्याचा फोटोसुद्धा पुसायची आठवण राहात नसे कधी कधी. तो गेलेला होता, कापगते भाऊ. नीट गेलेला होता."

"ताई..."

"मग तुम्ही भेटले. अन् म्हणाले, हे त्याला परत घेऊन आलं."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मी त्यांच्याकडून शाळेतलीच भाषा ऐकली होती. त्या दिवशी त्यांच्या माहेरची बोली बाहेर आली.

"कावून सांगितलं तुमी मले? नसतं सांगितलं त माझा भाऊ एकदाच मेला असता."

मी उठून उभा राहिलो. त्याही उठल्या, खुर्चीचा आधार घेत आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. आतून कडी लागली. दोन्ही कपांवर साय धरली होती. मी फाटक उघडलं, स्कूटी बाहेर काढली, आणि आवाज नको म्हणून वळणापर्यंत हातानंच ढकलत नेली.